झाडाचं माहेरचं नाव

फोन रेखाचा आला. रेखा म्हणजे माझ्या भावाची मुलगी. सौंसरलाच असते, आता सगळी शेती तीच पाहते. "आत्या, आई गेली..." एवढंच बोलली आणि पलीकडून नुसते हुंदके ऐकू यायला लागले. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "काऊन गं, दादानं नाही केला फोन?" आता हसा किंवा नावं ठेवा. वहिनी गेल्याची बातमी कानावर पडली तरी माझ्या डोक्यात आधी हेच आलं, की माझ्या भावानं मला स्वतः सांगायला हवं होतं. रेखा म्हणाली, "बाबा आईजवळ बसून आहेत. उठूनच नाही राहिले." बसणारच. ती धडधाकट होती तेव्हाही तिच्याजवळून उठायचं त्याच्या जिवावर यायचं.

पुरवणीतल्या अशा लेखांमधून गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवतात. मी बसवणार नाही. सुनंदा वहिनी आमच्या घरात आली त्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटत आला, आणि ती जाऊन आता काही आठवडे झाले तरी तो काही कमी झालेला नाही. त्या दिवशी सौंसरला पोचले तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बोरगावच्या मजूर बाया, पांढुर्ण्याहून तिच्या माहेरच्या माणसांनी भरून आलेली जीप, बसस्टँडवरचा चहावाला, कोण कोण. एक म्हातारी उंबऱ्यात बसून "माही माय गेली वो..." करत ऊर बडवत होती, आणि ती म्हातारी वहिनीपेक्षा वयानं चांगली मोठी! माझी सख्खी माय गेली तेव्हा हेच अंगण अर्धंही भरलं नव्हतं. मी पदर डोळ्यांना लावला आणि मनात म्हटलं, बाप्पा, मी गेल्यावर नागपूरच्या आमच्या फ्लॅटच्या जिन्यात किती जण येऊन उभे राहतील?

तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. वहिनीला फोटोचा कंटाळा, त्यामुळे धड एकटीचा असा एकही निघेना. शेवटी रेखानं बैठकीतल्या भिंतीवरचा जुना फोटो उतरवला, दादा आणि वहिनीचा, आणि स्टुडिओत नेऊन त्यातला दादा कापून नुसती वहिनी मोठी करून आणली. तरुण, केसांत गजरा, तोंड किंचित उघडं, बहुतेक काहीतरी बोलत असावी. हार घालताना रेखा थबकली. "आत्या, हे कोपर कोणाचं आहे हो? स्टुडिओवाल्यानं लय प्रयत्न केला, पण ते काही निघालं नाही. आईनं धरून ठेवलेलं आहे." मी म्हटलं, "माझं आहे." फोटोत वहिनीच्या डाव्या हाताशी एका हिरव्या ब्लाऊजमधलं एवढंसं कोपर दिसतं, बाकी माणूस चौकटीच्या बाहेर. ते बाहेरचं माणूस मी. तो फोटो नागपूरच्या बगीच्यातला, पाडव्याचा. तिथूनच सांगते.

पण त्याच्या थोडं आधी जायला लागेल. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट, पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा वगैरे व्हायच्या खूप आधीची. आमचा संत्र्याचा बगीचा सौंसरच्या अंगालाच, आणि बगीच्याच्या कडेला पन्हेरी. पन्हेरी म्हणजे कलमांची नर्सरी. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चाकूनं चिरायची, त्यात चांगल्या संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि वरून केळीच्या सोपटानं घट्ट बांधायचं. चिरायचं आणि डोळा बसवायचं काम दादाचं, बांधायचं माझं. दोघं पोत्यावर उकिडवे बसून सरीतून पुढे पुढे सरकत जायचो. डोळा बसवला की दादा मान वर न करता हाक मारायचा, "कमली!" की माझी बोटं पुढे. माझं नाव कमल, पण घरात मला कमल कोणी म्हटलंच नाही. बाबा, माय, दादा, सगळ्यांची मी कमलीच. माझी गाठही माझीच होती. शेवटचं टोक अशा बेतानं फासात दाबायची की डोळा धरल्यावर एका ओढीत सगळं सुटलं पाहिजे, चाकू लावायलाच नको. कोणी शिकवली नव्हती, हाताला आपोआप सापडली होती. दादा यायच्या-जायच्या माणसाला दाखवायचा, "हे पाह्य, आमच्या कमलीची गाठ." थंडीत सकाळी दव पडलेलं असायचं, बोटं काकडायची, आणि सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं "कमली!... कमली!..." चालायचं. मला वाटायचं, जगात मला एवढं एक मिळालं आहे आणि ते पुरे आहे.

मग दादाचं लग्न झालं. मुलगी पांढुर्ण्याची, चंद्रकला नावाची, मॅट्रिक झालेली. पांढुर्णा मोठ्या लाईनीवर, दिल्लीच्या गाड्या तिथून जातात. सौंसरला आपली छोटी लाईन, डबे खेळण्यातले वाटावेत असे. मी तिला पाठीमागे "मोठ्या लाईनीवरची" म्हणायची. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं नवीन नाव लिहितो. दादानं मला विचारलं होतं, "काय नाव ठेवू वं?" मी वैतागून होते, म्हटलं, "ठेव काही, सुनंदा ठेव." त्यानं खरंच तेच लिहिलं. म्हणजे तिला सौंसरचं नाव मीच दिलेलं. पण तिच्यावर माझा हक्क कुठला? आल्या आल्या तिनं सगळं घर खिशात घातलं. माय म्हणायची सुनेच्या हातची भाजी गोड, बाबा म्हणायचे सून हळू बोलते, आणि दादा... दादाचं तर काय सांगायचं! त्या थंडीत पन्हेरीत बांधायला मीच बसत होते, पण वहिनी चहाची किटली घेऊन यायची आणि चहा देऊन झाला तरी जायची नाही. तिथंच उभी राहून दादाचे हात आणि माझे हात पाहत बसायची. मी पाठ फिरवून बसायची.

नागपूरला फिरायला न्यायचं कबूल करून दादा मला किती वर्षं नुसता झुलवत होता. या परीक्षेनंतर, त्या बहारानंतर, पुढच्या साली. आणि या बाईनं लग्नानंतरच्या पहिल्याच पाडव्याच्या तोंडावर एकदाच म्हटलं, तेही भाकऱ्या थापता थापता, की तिच्या शाळेची सहल नागपूरच्या बोटॅनिकल गार्डनला गेली होती, तिला ताप होता म्हणून ती एकटी राहिली, तर ते एकदा पाहायचं मनात आहे. झालं. दादानं त्याच जेवणात विषय काढला, "बाबा, पाडव्याले नागपूरले बगीचा पाहून येतो म्हनतो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताट तसंच ठेवून उठणार, तेवढ्यात बाबांचा घास हातातच थांबला.

"कोनाचा बगीचा?"

"सरकारी हाये, बाबा."

"सरकार बगीचा विकून राहिली?"

इथं सांगायला हवं, की आमच्या भागात बगीचा म्हणजे संत्र्याचाच, दुसरा नाही. आणि "बगीचा पाहणे" म्हणजे व्यापाऱ्यानं येऊन झाडावरचं फळ नजरेनं जोखायचं आणि सौदा करायचा. दादा हसू दाबत म्हणाला, "नाही बाबा, नुसता पाह्याचा हाये." बाबा भडकले, "नुसता पाह्याले कोनी जाते का? नुसता पाह्यतो म्हननारेच भाव पाडतेत. तुले काय समजते? मी येतो संगं." वहिनी पदर तोंडाशी धरून आत पळाली. मलाही हसू आलं होतं, पण तिच्याबरोबर हसायचं नव्हतं म्हणून मी तोंड वाकडं करून बसले. आणि मग मीही म्हटलं, मी पण येणार. मायनं डोळे वटारले, नव्या जोडप्याच्या मध्ये कशाला? मी म्हटलं, बाबा जातात तर मी का नाही.

पाडव्याच्या दिवशी लवकर गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला चावला आणि निघालो. बाबांनी कडक टोपी घातली, छत्री घेतली, जामसांवलीच्या मारुतीच्या दिशेनं हात जोडून "सौदा होऊ दे चांगला" असं पुटपुटले. बसमध्ये पुढेमागे दोन बाक मिळाले. मी चटकन दादाच्या शेजारी बसले, तर कंडक्टर म्हणतो, "ताई, नवरीले बसू द्या न खिडकीजवळ." नवरीले! बोरगाव येईस्तोवर नवरीचं डोकं नवऱ्याच्या खांद्यावर, आणि मी मागच्या बाकावर बाबांच्या छत्रीशेजारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळी फुलोऱ्याची, बारीक बारीक फळं झाडांना लागलेली. बाबा प्रत्येक बगीचा खिडकीतून जोखत होते, आणि मी समोरच्या दोन डोक्यांमधली फट पाहत होते. ती फट काही वाढली नाही.

नागपूर सुट्टीचं होतं. दुकानं बंद, घराघरांवर गुढ्या, आणि अर्धं गाव त्या बगीच्याच्या फाटकाशी. बाया नव्या लुगड्यांत, पोरं साखरेच्या गाठ्या गळ्यात घालून चाटत फिरत होती. आत गेल्यावर बाबांनी एकदा चौफेर नजर फिरवली आणि सरळ जाऊन एका माळ्याला गाठलं.

"बहार कोनता धरता? आंबिया का मिरग?"

माळी म्हणाला, "काका, इथं बहार नाही धरत. इथं नुसती झाडं आहेत, लोकांनी पाहायची."

"अन् फळ?"

"फळाला हात लावायची मनाई आहे."

बाबा त्याच्याकडे पाहतच राहिले. "मंग पानी कायले देता?" त्यांनी अगदी कळवळून विचारलं. मग तिथल्याच एका झाडाखाली टेकले, तंबाखू मळायला घेतली आणि आम्हाला म्हणाले, "तुम्ही या पाहून. मी ह्याले समजावतो." आम्ही सगळं पाहून परत आलो तेव्हाही त्यांचं समजावणं चालूच होतं आणि माळी बिचारा हो हो करत होता.

आम्ही तिघं पुढे निघालो. तिघं कसले... ते दोघं पुढे आणि मी मागे. प्रत्येक झाडाच्या बुडाशी पत्र्याची पाटी होती. वर मराठीत नाव, खाली इंग्रजी अक्षरांत एक लांबलचक, तोंड वाकडं करायला लावणारं नाव. वहिनी एकेका पाटीपाशी थांबून मोठ्यानं वाचायची. बेहडा. बिबा. पळस. पळस अंगभर फुललेला होता, तिनं खालचं एक फूल उचलून पदराला बांधलं. खालचं नाव वाचता वाचता तिची जीभ अडखळली तशी तिनं दादाला विचारलं, "हे अन् काय लिवलं हाये?" दादा म्हणाला, "थे शास्त्रातलं नाव. साऱ्या दुनियेत थेच चालते."

"म्हन्जे वरचं माहेरचं अन् खालचं सासरचं," वहिनी म्हणाली.

दादा हसला. डोकं मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते हसू मला माहीत होतं. पन्हेरीत मी काही वेडंवाकडं बोलले की तो तसा हसायचा, आणि मला आजवर वाटायचं, ते माझ्यासाठी राखून ठेवलेलं आहे. मला इतकी आग लागली की मी समोरची पाटी पायानं हलवून पाहिली, पक्की रोवलेली होती. वहिनी माझ्याजवळ आली. तिचा चेहरा मात्र हसत नव्हता. हळूच म्हणाली, "झाडाचं बरं हाये, कमलीबाई. दोन्ही नावं पाटीवर राहतेत. आपलं माहेरचं पुसून टाकतेत. एवढे दिवस मले कोनी चंदा म्हटलं नाही... मंग थे नाव कोठी जात असन?"

मी म्हटलं, "मले काय मालूम? माह्यं तं कमलीच हाये."

"तुमचं बी बदलतीन न."

"बदलू दे. घरी कमलीच म्हनतीन," मी तोऱ्यात म्हटलं. ती "हो" म्हणाली आणि पदराचं फूल चाचपत उभी राहिली.

पुढे एका वाफ्यात चार संत्र्याची झाडं होती, पाटीसकट. माहेरचं माणूस भेटावं तसा दादा तिकडे धावला. वाकून बुंध्याशी कलमाचा सांधा पाहिला आणि नाक मुरडलं. "बांधनी पाह्य कशी केली. गाठ रुतून बसली सालीत. कमलीसारखी गाठ नाही येत कोनाले." अहाहा! सबंध दिवसात एवढा एक घोट मला मिळाला. मी वहिनीकडे पाहिलं, तिला लागलं का ते बघायला. ती वाकून तो सांधाच निरखत होती. मग मला विचारते, "कशी असते वो तुमची गाठ? मले दाखवान?" तिच्या हातात पदराचा दोरा तयार. मी म्हटलं, "अशी रस्त्यात नाही दाखवता येत." का दाखवायची? भाऊ घेतला, बाबांचं कौतुक घेतलं, बसमधली खिडकी घेतली. गाठ तेवढी माझ्याजवळ राहिली होती.

फाटकाशी फोटोवाला उभा होता, तिपाईवर काळं फडकं टाकून. "या, नवरा-बायको या," त्यानं हाक मारली. वहिनीनं माझं कोपर पकडलं, "कमलीबाई, तुम्ही बी या." मी हात सोडवत होते. "नाही येत मी." ती ओढत होती, मी मागे रेटत होते, फोटोवाला ओरडत होता, "ताई, तुम्ही बाजूला व्हा, फ्रेममध्ये येऊन राहिल्या!" आणि तेवढ्यात त्यानं कळ दाबली. फोटोत तिचं तोंड उघडं आहे ते म्हणून. "या न" असं म्हणत होती. तो फोटो पुढे इतकी वर्षं माहेरच्या बैठकीत लटकला आणि दर खेपेला मी आल्या आल्या आधी त्याच्याकडे पाहायची, आणि दर खेपेला माझं डोकं फिरायचं.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. नागपूरचंच स्थळ. ताटातल्या तांदळात माझ्या नवऱ्यानं शैलजा लिहिलं. मला वाटलं होतं, सासरी काय ते म्हणोत, सौंसरला गेल्यावर मी कमलीच. पण पहिल्याच खेपेला बाबा म्हणाले, "ये बाई." दादाही म्हणाला, "बस बाई." परक्या घरी दिलेल्या लेकीला आमच्याकडे मानानं असंच म्हणतात, ते मलाही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. मायचं तेवढं कधीमधी चुकून निघायचं. आणि वहिनी? ती सगळ्यांच्या आधी बदलली. दारातच पाणी देत म्हणाली, "या, शैलाबाई." जसं काही कमली नावाची मुलगी त्या घरात कधी नांदलीच नव्हती. माझ्या मनात आलं, बरोबरच आहे, हिला हेच हवं होतं.

थंडीचे दिवस होते. पन्हेरीत गेले तर माझ्या पोत्यावर वहिनी बसलेली. दादा डोळा बसवतोय आणि ही बांधतेय. सोपट गुंडाळलं, शेवटचं टोक फासात दाबलं, अंगठ्यानं एकदा चाचपलं. हुबेहूब. मी उभीच राहिले. ती लाजून म्हणाली, "तुम्ही उशिरा बांधलेली कलमं होती न, थ्याच्या गाठी सोडाचं काम मले देल्लं होतं यायनं. सोडून सोडून शिकली, उलटं. पाहा बरं, जमलं का?" मी पाहिलं. ओढलं. एका ओढीत सुटली. "जमलं," म्हटलं आणि घरात जाऊन मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मायला वाटलं, मला सासरी काही त्रास आहे. तिनं दादाला नागपूरला चौकशीला पाठवायचं ठरवलं, ते थोपवता थोपवता माझी पुरेवाट झाली.

त्यानंतर मी पन्हेरीत पाऊल टाकलं नाही. रागानं म्हणा, मानानं म्हणा. राखीला यायची, भाऊबीजेला यायची, अंगणातून ओवाळून परत. वहिनीनं पन्हेरी वाढवली, सोपट जाऊन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या, बोरगावच्या बायांना तिनं बांधणी शिकवली, लांबलांबून लोक कलमं न्यायला यायला लागले. दादा फोनवर बोलायचा तेही तिचंच. बाबा गेले, मग माय गेली. मायबरोबर ते चुकून निघणारं नावही गेलं. माझ्या मुलांना त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचारा, त्यांना आठवावं लागेल. रेखाला तर मी शैला आत्या, बस्स.

या भाऊबीजेला गेले तेव्हा वहिनी ओसरीवर खाटेला टेकून बसलेली होती. अंगात काही राहिलं नव्हतं, पण बडबड तीच. निघताना माझा हात धरला, तसाच, कोपराशी. "शैलाबाई, पन्हेरीत तेवढं जाऊन या न एकदा."

"माझं तिथं काय आहे वहिनी आता?"

"जाऊन तं या," म्हणाली आणि हसली. मी म्हटलं, बस चुकेल. खरंच चुकली असती. ती आमची शेवटची भेट.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दादा वहिनीच्या खाटेवर बसून भिंतीकडे पाहत होता. मी जवळ बसले, तर म्हणाला, "बाई, तुले फोटोत काऊन नाही घेतलं म्हनून थे मले किती बोलली असन जन्मभर. म्हने, तुम्ही बहिनीले हाक माराले पाह्यजे होती." तेवढ्यात रेखा आली. कलमांचे डोळे तयार होते, सुतक म्हणून आधीच काम खोळंबलं होतं, तिला पन्हेरीत जाणं भाग होतं. "चला न आत्या, घरात बसून काय कराल?" वहिनीचे शब्द मनात होते म्हणून असेल, पण मी चप्पल घातली.

पन्हेरी केवढी झाली आहे! सऱ्यांमागून सऱ्या. बाया पोत्यांवर बसून कामाला लागलेल्या, आणि सरीच्या मधोमध एक पोतं रिकामं ठेवलेलं, त्यावर कोणी बसलेलं नव्हतं. मी बांधावर उभी राहून ऊन घेत होते. रेखा एका नव्या मुलीच्या मागे उभी होती. अचानक तिचा आवाज चढला, थेट दादासारखा:

"कमली!"

"ओ!" मी म्हटलं.

अगदी मोठ्यानं. पाऊलही पुढे पडलं होतं. सगळ्या बाया माझ्याकडे वळून पाहायला लागल्या, एक-दोघी फिसकन हसल्या. रेखा म्हणाली, "आत्या, तुम्हाला नाही हो! हिला म्हटलं. कमली मार नीट, नुसती गाठ मारून ठेवते आणि मग सुटत नाही."

"काय मार?"

"कमली. ही गाठ नाही का, एका ओढीत सुटते ती. तिला कमलीच म्हणतात. आईनं सगळ्यांना शिकवलेली. 'कमली मारा वो, गाठ नका मारू,' दिवसभर तेच चालायचं तिचं." मग तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, म्हणाली, "का? नागपूरकडे काय म्हणतात?"

मी विचारलं, "दादा पण कमलीच म्हणतो?"

"नाही, बाबा नुसतं गाठ म्हणतात. मी एकदा आईला विचारलं होतं, कमली म्हणजे काय. ती म्हणाली, गाठीचं माहेरचं नाव आहे." रेखा हसली. "आईचं काहीही असायचं."

सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायांची बोटं चालली होती. कोणीतरी कोणाला तरी म्हणालं, "माही कमली सुटून राहिली वो, पट्टी दे." दुसरी म्हणाली, "तुही कमली कधी बसली हाये का धड?" इतकी वर्षं, दर थंडीत, मी नागपूरला बसून जळत होते आणि इथं हे चाललेलं. मला न सांगता. मला "शैलाबाई, शैलाबाई" म्हणत पाण्याचा पेला पुढे करणारी ही बाई! सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? भांडता तरी आलं असतं मला. आता कोणाशी भांडू? शेवटचा शब्दही तिनं स्वतःजवळच ठेवला. मेली मोठ्या लाईनीवरची.

मी डोळे पुसले. पदर ओला झाला तो झालाच. रेखा घाबरून जवळ आली. तिला वाटलं, आईच्या आठवणीनं. ते खोटंही नव्हतं. मला सावलीत नेण्यासाठी तिनं कोपराला धरलं, तर मी तिथूनच त्या रिकाम्या पोत्याकडे निघाले. गुडघे आता कुरकुरतात, पण बसले. समोर जंबेरीचं रोप, सालीत नुकताच सरकवलेला हिरवा डोळा.

रेखा म्हणाली, "आत्या, तुम्हाला येते कमली?"

मी म्हटलं, "आण इकडं ती पट्टी."